कुटुंबांसाठी खुले कलादालन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कलादालनांचे व्यवस्थापक, प्रदर्शन मांडणारे क्युरेटर आणि दारापासून दालनापर्यंत प्रेक्षकांना सामोरे जाणारे कर्मचारी यांच्यासाठी लिहिली आहेत. येथे कुटुंब म्हणजे लहान मुले आणि त्यांना घेऊन येणारी कोणत्याही वयाची, कोणत्याही नात्याची माणसे.

कुटुंबांना कलादालनात येण्यापासून नेमके काय अडवते?

मुलांना कला कळत नाही म्हणून पालक त्यांना आणत नाहीत, असे सहसा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात चित्रांपेक्षा चित्रांभोवतीच्या वागण्याच्या नियमांचे दडपण अधिक असते. किती हळू बोलायचे, किती जवळ जायचे, मूल रडू लागले तर कोठे जायचे, पिशवी आत नेता येते का, यांपैकी काहीच आधी कळत नाही. आणि माहीत नसलेला नियम मोडला गेला की तो चारचौघांत दाखवून दिला जातो. ज्या घरांत कलादालनात जाण्याची रीत आहे, त्यांच्या हे सारे अंगवळणी पडलेले असते. पहिल्यांदा आलेले कुटुंब मात्र अंग चोरून वावरते, मुलाचा हात घट्ट धरून ठेवते आणि थोड्याच वेळात काढता पाय घेते.

ब्रिटनमधील ‘किड्स इन म्युझियम्स’ ही संस्था अशाच एका प्रसंगातून उभी राहिली. २००३ च्या सुमारास लेखिका डी बर्केट आपल्या मुलांसह लंडनमध्ये अझ्टेक (मेक्सिकोतील प्राचीन संस्कृती) कलेचे प्रदर्शन पाहत असताना त्यांचा लहानगा एका मूर्तीकडे पाहून ‘राक्षस!’ असे ओरडला आणि आवाज झाल्याच्या कारणावरून त्यांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्या मुलाने मूर्ती नीट पाहिली होती आणि तिला अगदी योग्य दाद दिली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ सांस्कृतिक जीवनात आणि कलांमध्ये सहभागी होणे हा मुलांचा हक्क मानते. कलादालन मुलांना आत घेते तेव्हा ते कोणावर मेहेरबानी करत नसते.

हाती फारसा निधी नाही. सुरुवात कोठून करावी?

दारावरच्या आणि दालनातल्या माणसांपासून. रंगीत कोपरे, छापील पुस्तिका आणि कार्यशाळा यांचा क्रम त्यानंतरचा आहे, कारण पहिल्याच दालनात कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर पुढच्या कार्यशाळेपर्यंत कुटुंब पोहोचतच नाही.

एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहू. पाच वर्षांची मुलगी एका मोठ्या चित्राकडे धावत जाते आणि बोट पुढे करते. कर्मचारी दुरूनच ‘हात लावू नका!’ असे म्हणतो. मुलगी दचकते, आई ओशाळते, आजूबाजूचे लोक वळून पाहतात आणि चित्राकडचे लक्ष त्या क्षणी संपते. त्याच ठिकाणी कर्मचारी दोन पावले पुढे आला, मुलीच्या उंचीला वाकला आणि ‘तुला त्या कोपऱ्यातला पक्षी दिसला का? इथे या रेषेपाशी उभी राहा, इथून तो छान दिसतो’ असे म्हणाला, तर कलाकृतीचे रक्षण तेवढेच होते, आणि मुलीला पाहण्यासारखे काहीतरी सापडते. हे बोलणे शिकवता येते. प्रत्येक दालनातील कर्मचाऱ्याला त्या दालनातल्या दोन-तीन कलाकृतींविषयी मुलांना सांगण्याजोगी एखादी गोष्ट ठाऊक असावी. ती त्यानेच निवडलेली असेल तर अधिक चांगले, कारण दिवसभर त्या चित्रांच्या सहवासात राहणाऱ्या माणसाने जे टिपलेले असते ते अनेकदा क्युरेटरच्याही नजरेतून सुटलेले असते. या कर्मचाऱ्यांना केवळ पहारेकरी मानणाऱ्या संस्था आपल्याकडचे सर्वांत मोठे बळ वाया घालवतात, असे आमचे ठाम मत आहे.

मुले कलाकृतींना हात लावतील ही भीती रास्त नाही का?

भीती रास्त आहे. त्वचेवरील तेल, घाम आणि क्षार यांमुळे ब्राँझ काळवंडते, सच्छिद्र दगडावर डाग पडतात आणि न रंगवलेल्या लाकडावर मळाचा थर बसतो; एका स्पर्शाने काही दिसत नाही, पण हजारो स्पर्शांचा परिणाम दिसतो. मात्र हात लावण्याचा मोह फक्त मुलांना होत नाही. कलाकृतीला पाठ लावून छायाचित्र काढणारे आणि रंगाचा थर खरा आहे का ते बोटाने तपासणारे सहसा मोठेच असतात.

म्हणून उपाय मांडणीतच शोधावा. चालायला नुकतेच शिकलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीला येणारे काचपेटीचे कोपरे आधी झाकावेत. ठेंगणे, रुंद चौथरे मुलांना बसण्याची जागा वाटतात. तेथे शिल्प ठेवायचे असेल तर भोवती पुरेसे अंतर हवे आणि चौथरा जमिनीला पक्का बसवलेला हवा. कमरेच्या उंचीला टांगलेली दोरी लहान मुलांच्या डोक्यावरून जाते, म्हणजे ती त्यांच्यापुरती नसतेच, आणि पांढरी काठी वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीलाही ती वेळीच कळत नाही. जमिनीवर किंचित उठावाची, विरोधी रंगाची पट्टी असेल तर ती पायाला, काठीला आणि डोळ्यांना एकाच वेळी सूचना देते. अडखळून पडण्याइतका उंचवटा मात्र नसावा.

नकार देताना कारण सांगावे. एकाच धातूच्या दोन पट्ट्या, एक झाकलेली आणि दुसरी येणाऱ्या प्रत्येकाने हाताळायची, दालनात शेजारी शेजारी ठेवल्या की काही महिन्यांत फरक डोळ्यांना दिसतो. मग ‘का नाही’ हे मुले एकमेकांना समजावून सांगतात. शिवाय ज्याला हात लावता येतो असे काहीतरी प्रत्येक टप्प्यावर असावे : रंग चढवण्यापूर्वीचे कॅनव्हास, छिन्नीच्या खुणा असलेला दगड, विणलेल्या कापडाचा नमुना.

चित्रे मुलांच्या उंचीला लावावीत का?

सगळीच लावण्याची गरज नाही. बहुतेक कलादालने चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर धरतात. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे साधारण एक मीटरवर असतात आणि व्हीलचेअरवर बसलेल्या प्रौढाचे ११० ते १२५ सेंटिमीटरच्या दरम्यान. लहान आकाराची चित्रे आणि काचपेटीत आडवी मांडलेली रेखाटने या दोघांनाही दिसत नाहीत. अशा कलाकृती थोड्या खाली आणल्या तर उभ्या माणसाला किंचित वाकावे लागते, पण कोणीही पाहण्यावाचून राहत नाही.

उंचीइतकीच प्रकाशाची दिशा महत्त्वाची आहे, आणि तिकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. काचेच्या आड असलेल्या चित्रासमोर गुडघ्यांवर बसून पाहावे. उभे असताना जे चित्र स्पष्ट दिसत होते, तेथे आता छताच्या दिव्याचा पांढरा ठिपका दिसतो आणि चित्राचा वरचा अर्धा भाग त्यात विरून जातो. मूल ‘काही नाही इथे’ म्हणून पुढे जाते, तेव्हा ते खरेच सांगत असते. प्रदर्शन खुले होण्याच्या आदल्या दिवशी मांडणी करणाऱ्यांनी सगळी दालने एकदा या उंचीवरून पाहावीत आणि दिव्यांचे कोन तेव्हाच बदलावेत.

कागद, जलरंग आणि वस्त्रे यांच्यासाठी प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपास ठेवण्याचा संकेत आहे, तर तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. उजेडातून एकदम अंधाऱ्या दालनात आलेले मूल बिचकते आणि वृद्धांच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. मधल्या मार्गिकेत प्रकाश टप्प्याटप्प्याने कमी करत नेला आणि ‘हे कागद उजेडाने फिके पडतात म्हणून येथे अंधार आहे’ असे लिहिले, तर अंधाराविषयी कुतूहलही वाटते.

मुलांसाठी वेगळी खोली केली की काम भागत नाही का?

वेगळी खोली चांगली, पण तेवढ्यावर भागवू नये. ती तळघरात किंवा मुख्य दालनांपासून दूर असेल, तर मुलांनी तेथे खेळावे आणि खऱ्या कलेपासून लांब राहावे असाच निरोप जातो, आणि सोबतच्या मोठ्या माणसाला तर काहीच पाहायला मिळत नाही.

या कामाची परंपरा जुनी आहे. केवळ मुलांसाठी असलेले पहिले संग्रहालय १८९९ मध्ये ब्रुकलिन येथे सुरू झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तेथील कलाशिक्षक व्हिक्टर डी’अमिको यांनी १९४२ पासून मुलांसाठी कलेचा मेळा भरवला. तेथे मुले स्वतःच्या हातांनी रंग, आकार आणि पोत यांच्याशी खेळत. २००२ मध्ये जपानी कलावती यायोई कुसामा यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड कलादालनासाठी मुलांकरिता एक पांढरीशुभ्र खोली रचली, जिच्यातील भिंती, टेबले, खुर्च्या अशा साऱ्यांवर येणाऱ्यांनी रंगीत गोल टिकल्या चिकटवायच्या होत्या. कलाकाराने मुलांसाठी केलेले काम तिच्या इतर कामाइतकेच गंभीर असू शकते, हे त्या खोलीने दाखवले, आणि पुढे ती जगभर मोठ्यांच्या प्रदर्शनांतही मांडली गेली. आपल्या कलादालनात खोली करायचीच असेल तर एखाद्या कलाकाराकडून करून घ्यावी. गुळगुळीत ठोकळे आणि कार्टूनची चित्रे कोठेही मिळतात.

मुख्य दालनांतही मुलांना हाताने काही करू द्यावे. पाटी, कागद आणि पेन्सिल देऊन चित्रासमोर जमिनीवर बसून रेखाटू देणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. शाई, जलरंग आणि कात्री मात्र दालनात नकोत.

माहितीफलक कुटुंबांसाठी कसे लिहावेत?

मोठ्यांचा फलक वेगळा आणि मुलांचा त्याखाली लहानसा, अशी विभागणी करण्यापेक्षा एकच फलक सोपा लिहावा. कलेच्या परिभाषेने भरलेला फलक मोठ्या माणसालाही समजत नाही. फरक एवढाच की मूल तसे सांगते आणि मोठा माणूस गप्प राहतो. पहिल्या वाक्यात चित्रात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीविषयी लिहावे, म्हणजे वाचून झाल्यावर नजर पुन्हा चित्राकडे वळते. अक्षरे मोठी, पार्श्वभूमीशी ठळक विरोध असलेली आणि काचेवर न छापलेली असावीत.

प्रश्न विचारायचे असतील तर जपून विचारावेत. ‘तुला कोणता रंग आवडला?’ या प्रश्नाने कोणी चित्र पाहत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन आणि कलाशिक्षक फिलिप येनावाइन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तीनच प्रश्न असतात : या चित्रात काय चालले आहे, कशावरून तसे वाटले, आणि आणखी काय सापडते? यांतला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. तो मुलाला उत्तर बरोबर की चूक हे न सांगता चित्रात पुन्हा शोध घ्यायला लावतो, आणि हेच तीन प्रश्न आजोबांनाही विचारता येतात. पालकांना कलेचा इतिहास ठाऊक नसला तरी त्यांचे काही अडत नाही.

मूल एका चित्रासमोर किती वेळ थांबेल अशी अपेक्षा ठेवावी?

मोठे किती थांबतात ते आधी पाहावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचे आढळले. मध्यक तर केवळ १७ सेकंद होता, म्हणजे निम्म्या वेळा लोक त्याहूनही कमी थांबले. त्यामुळे मुलांच्या चंचलपणाची तक्रार करणे अन्यायाचे आहे. पूर्ण प्रदर्शन पाहिलेच पाहिजे हा आग्रह सोडून कुटुंबाला तीन-चार कलाकृतींचा छोटा मार्ग सुचवावा आणि तो पुरेसा आहे असे स्पष्टपणे सांगावे.

थकवा हाही एक भाग आहे. अमेरिकन संग्रहालयतज्ज्ञ बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच संग्रहालयातील थकव्यावर लिहिताना, चुकीच्या उंचीवर आणि चुकीच्या कोनात ठेवलेल्या वस्तू पाहण्यासाठी शरीराला किती वाकावे-ताणावे लागते हे छायाचित्रांसह दाखवले होते. दालनागणिक बसायला जागा हवी. तिला पाठ आणि हात असावेत, कारण आजीला उठताना त्याच हातांचा आधार लागतो.

व्हीलचेअर आणि बाबागाडी यांची सोय एकत्र करता येते का?

बऱ्याच अंशी येते. उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा (एक फूट चढासाठी बारा फूट लांबी) तीव्र नसावे, दारे किमान ९० सेंटिमीटर रुंद असावीत आणि व्हीलचेअर वळवण्यासाठी १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा सुटलेली असावी. पायऱ्यांचा मार्ग समोरून आणि उताराचा मागच्या दाराने, अशी रचना असल्यास एकाच कुटुंबाची दारातच फाटाफूट होते. सर्वांना एकाच दाराने आत येता येईल असे पाहावे. अरुंद दालनात बाबागाडी नेता येत नसेल तर ती सांभाळून ठेवण्याची जागा आणि बाळाला अंगावर बांधून नेण्यासाठी झोळी किंवा पट्टे द्यावेत.

कुटुंबात कोणी दृष्टिहीन किंवा कर्णबधिर असेल तर?

अनेकदा पालक दृष्टिहीन असतात आणि मूल डोळस असते, किंवा याच्या उलट. म्हणून ‘विशेष सत्र’ वेगळ्या दिवशी ठेवण्यापेक्षा सोय नेहमीच्या मार्गावर असावी. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने २०१५ मध्ये आपल्या संग्रहातील सहा चित्रांच्या उठावदार प्रतिकृती हाताने पाहण्यासाठी मांडल्या. त्यांत वेलास्केस आणि गोया या स्पॅनिश चित्रकारांची चित्रे होती. एवढे शक्य नसले तरी एखाद्या चित्राच्या मुख्य रेषांची उठावाची प्रत आणि चित्राचे नीट शब्दांत केलेले ध्वनिवर्णन कोणतेही कलादालन तयार करू शकते. सांकेतिक भाषेतील चित्रफिती लहान ठेवाव्यात आणि त्या मोबाइलऐवजी दालनातल्याच पडद्यावर दाखवाव्यात, म्हणजे हात मोकळे राहतात आणि आई-मुलाला आपसांत बोलता येते. ध्वनी असलेल्या प्रत्येक चित्रफितीवर बोललेले शब्द आणि आवाज लिहून दाखवणाऱ्या ओळी हव्यातच.

स्वमग्न मुलांसाठी काय करावे?

अनपेक्षित गोष्टींचा त्रास कमी करणे हे पहिले काम. येण्यापूर्वी पाहता येईल अशी छायाचित्रांची साधी गोष्ट तयार करावी : हे दार, येथे पिशवी तपासतात, या दालनात मोठा आवाज येतो, येथे थांबता येते. अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या, नवा प्रसंग मुलाला आधीच समजावून सांगणाऱ्या ‘सामाजिक गोष्टीं’च्या पद्धतीवर ती बेतता येईल. आवाज कमी करणारे कर्णरक्षक दारावर मोफत मिळावेत. सूर्यफुलांची नक्षी असलेली हिरवी गळपट्टी २०१६ पासून, प्रथम एका ब्रिटिश विमानतळावर आणि नंतर अनेक देशांत, न दिसणाऱ्या अपंगत्वाची खूण म्हणून वापरली जाते. कर्मचाऱ्यांना ती ओळखता यावी, पण ती नसलेल्यांकडे पुरावा मागू नये. शांत वेळ ठेवायची असल्यास ती कोणी येत नाही अशा अडनिड्या वेळी न ठेवता सुट्टीच्या सकाळी ठेवावी, आणि त्या वेळी ध्वनी व लुकलुकणारे दिवे बंद ठेवून प्रेक्षकसंख्या मर्यादित करावी.

दालनात खाऊ देता येत नाही. मग भुकेल्या मुलाचे काय?

दालनातील मनाई योग्यच आहे, कारण सांडलेल्या कणांमुळे कीटक येतात आणि ते पुढे कागद, लाकूड व कापडाकडे वळतात. पण मनाई केली की पर्यायही द्यावा लागतो. घरून आणलेला डबा खाण्याची छायेतील जागा, पिण्याचे पाणी आणि त्याच तिकिटावर पुन्हा आत येण्याची मुभा, या तीन गोष्टींनी भेट कितीतरी लांबते. स्तनपान आईला सोयीचे वाटेल तेथे करता यावे. स्वतंत्र खोली तिला हवी असल्यास उपलब्ध असावी, सक्तीची नसावी. लंगोट बदलण्याचा ओटा केवळ स्त्रियांच्या स्वच्छतागृहात असेल, तर बाळाला घेऊन एकट्याने आलेल्या वडिलांची पंचाईत होते.

नग्नता किंवा हिंसा असलेल्या कलाकृतींचे काय करावे?

दालनाच्या दाराशी एका वाक्यात शांतपणे सूचना द्यावी आणि त्याच ठिकाणी दुसरा मार्ग दाखवावा. निर्णय पालकांचा असतो. कर्मचाऱ्याने त्यांच्या निवडीवर मत देऊ नये. मानवी देहाच्या चित्रांविषयी मुले बहुधा सरळ प्रश्न विचारतात आणि सरळ उत्तराने त्यांचे समाधान होते. हिंसेच्या चित्रांबाबत अधिक काळजी घ्यावी, विशेषतः हलत्या प्रतिमा आणि आवाज असतील तर, कारण स्थिर चित्राकडे पाठ फिरवता येते, पण दालनभर घुमणारा आक्रोश टाळता येत नाही.

इतर प्रेक्षकांनी गोंगाटाची तक्रार केली तर काय सांगावे?

सौजन्याने सांगावे की हे दालन सर्वांचे आहे, आणि तुलनेने निवांत असणारी वेळ त्यांना सुचवावी. तक्रारीचा रोख पाहून कुटुंबाला गप्प करायला जाऊ नये. मात्र आवाज फार घुमत असेल तर दोष मुलांपेक्षा कठीण फरशी आणि उघड्या भिंती यांचा अधिक असतो. जाड पडदे, छताला ध्वनिशोषक पट्ट्या किंवा काही भागात गालिचा घातल्याने बराच फरक पडतो.

कुटुंबाचे तिकीट कसे ठरवावे?

‘दोन प्रौढ, दोन मुले’ ही व्याख्या सोडून द्यावी. एकटी आई, तीन भावंडे, आजी-आजोबांसोबत आलेली नातवंडे, काळजीवाहकासह आलेले मूल, या सर्वांना खिडकीवर आपले नाते समजावून सांगावे लागू नये. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात १८ वर्षांखालील सर्वांना प्रवेश मोफत असतो. जेथे असे करणे परवडत नाही, तेथे निदान मदतनिसाला तिकीट नसावे.

हे जमले की नाही हे कसे ओळखावे?

प्रवेशसंख्येवरून फारसे कळत नाही. तेच कुटुंब पुन्हा आले का, आत किती वेळ थांबले आणि कोणत्या दालनातून परत फिरले, हे पाहावे. अभिप्रायवहीत लिहिणारे बहुधा आधीच समाधानी असतात, त्यामुळे जे आले नाहीत त्यांच्याकडे जाऊन विचारण्याला पर्याय नाही : शाळा, पाळणाघरे, अपंग मुलांच्या पालकांचे गट, वस्तीतील ग्रंथालये. मुलांचे मत स्वतंत्रपणे घ्यावे. बाहेर पडताना दालनांच्या मोठ्या नकाशावर हिरवी टिकली आवडलेल्या जागी आणि लाल टिकली कंटाळा आला किंवा भीती वाटली त्या जागी लावायला सांगितली, तर न लिहिता येणारे मूलही नेमके उत्तर देते. लाल टिकल्यांची गर्दी झालेल्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांवर बसून काय दिसते आणि काय ऐकू येते ते तपासावे, आणि बदल केल्यावर नकाशा नवा लावावा.